तू कुठे कुठे पाहतोस

साडेनऊला पुनो गावड्यानं पतसंस्थेचं शटर वर केलं
तेव्हा व्याजाच्या पावत्या छापलेल्या नव्हत्या.
प्रिंटरच्या तोंडात कोरा कागद,
डॉक्टरला दाखवलेल्या जिभेसारखा.
पडद्यावर एकच ओळ:
पॅकेज सापडलं नाही.

"किदें जालें बाय?"
खाली तिस्कावर कंडक्टर ओरडतोय पणजी पणजी पणजी,
बाकावर रुक्मा वेळीप पासबुक पदरात धरून बसलेली.
मी म्हणते, आहे रे. काल रात्रीपर्यंत होतं.
सहा वर्षं रोज रात्री दोन वाजता
कुणी न बोलावता पावत्या निघत होत्या.

वस्तू असणं
आणि शोधणाऱ्याला ती सापडणं,
या दोहोंमधल्या फटीत माझा पगार बसतो.

म्हणून ओरडले नाही. मशीन बंद करून चालू केलं नाही
(ते मॅनेजरनं माझ्याआधीच दोनदा केलं होतं).
सरळ त्यालाच विचारलं,
बाबा, तू कुठे कुठे पाहतोस?

त्यानं यादी दिली. तो खोटं बोलत नाही,
विचारल्याशिवाय मात्र काही सांगतही नाही.
आधी जिथं उभा आहे तीच जागा चाचपतो.
मग बेनितोच्या घरी जातो.
तिथं नाहीच मिळालं तर सामायिक कोठारात,
जिथं मूळचं सामान आहे, आमचं काहीच नाही.

स्लॅश होम स्लॅश बेनितो.

नऊ वर्षं या खुर्चीत बसायचा तो,
आणि लागेल ते सगळं स्वतःच्याच घरात आणून ठेवायचा.
त्याच्या कोडमध्ये जागोजागी कोकणी,
हांगा हात लावूं नाका.
नोव्हेंबरात पोर्तुगालचा पासपोर्ट आला
आणि तो स्विंडनला गेला, गोदामात, रात्रपाळीला.
शुक्रवारी मॅनेजर म्हणाला, गेलेल्या माणसाचं खातं कशाला ठेवायचं,
आणि एका आज्ञेत
मीच त्याचं घर पाडलं,
आत काय आहे ते न बघता.

मशीनला हे कोणी कळवलं नाही.
ते त्या पत्त्यावर जातं, दार नाही म्हणून तक्रार करत नाही,
पुढच्या दारी वळतं,
आणि सगळी दारं संपली की मगच म्हणतं, नाही.
बोरीला बेनितोचं खरं घर आहे, बसमधून दिसतं.
त्याच्या दाराखालून वीज खात्याचा माणूस
अजून बिल सरकवून जातो तसंच काहीसं.

पुनोला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला,
ह्या तालुक्यात नदीपलीकडून देव आले,
लोकांनी नवी वाट पायाखाली घातलीच ना?
घातली, म्हटलं. पण त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, पुनो.

पॅकेज नव्यानं आणायचं तर कुठलं? नेमकी कोणती आवृत्ती?
तीन मिळाली, तिन्ही वेगळं व्याज काढत होती,
पैशापैशाचा फरक, पण रुक्माबाय पैसे मोजते.
शेवटी मोबाइल काढला.
तिकडे पहाटेचे सहा.
उत्तर आलं: आकडा, टिंब, आकडा, टिंब, आकडा.
नमस्कार नाही, कशाला हवंय नाही.

या वेळी सामायिक कोठारात ठेवलं.
माझ्या नावानं नाही. मीही जाईन कधीतरी.
मग रात्रीच्या त्या बिनघराच्या वापरकर्त्याच्या वेषात
स्वतःच चालवून पाहिलं,
कारण माझ्या हातून चालतं
यावर सकाळी कोणाला पावती मिळत नाही.

सव्वाअकराला प्रिंटर खोकला.
रुक्मा वेळीप, एकशे बारा रुपये चाळीस पैसे.
तिनं कागद उजेडात धरला, पासबुकात घातला,
आणि कंडक्टरला हाक मारत जिना उतरली.

यादीतली ती ओळ पुसायला बोट ठेवलं
तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला:
"बोरयेसावन वचशी जाल्यार
दारापोंदा बिलां आसतलीं. काड मगो."

ओळ पुसली.
मग बोरीची बस किती वाजता, ते पुनोला विचारलं.